शनवार तेल्यांचे देशांतर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी व्याख्यान देणारी बाई नव्हे. सातवी झाले आणि शाळा सुटली. पुढचे जे काही शिकले ते चुलीपुढे आणि वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून. चिटणीसबाईंनी यंदा मला विषय दिला, ‘राज्य बदलले म्हणून माणसे देश का सोडतात?’ पहिल्याने वाटले, हा विषय पुरुषांच्या सभेतला. मग मनात आले, देश सोडायचे ठरवतात पुरुष हे खरे. पण भांडी कोणती बांधायची, पाटा-वरवंटा कोणाला द्यायचा, तुळस कोणाच्या अंगणात ठेवायची हे ठरवते कोण? तेव्हा या विषयावर बोलायचा हक्क आपलाच अधिक आहे.

राज्य बदलले की माणसे हलतात, हे महाडच्या लोकांना नव्याने सांगायला नको. १८०२ सालच्या ऑक्टोबरात पुण्याजवळ हडपसरला होळकरांनी लढाई जिंकली आणि दुसरे बाजीराव पेशवे पळाले ते आपल्या महाडलाच आले. इथून पुढे सुवर्णदुर्ग, तिथून समुद्रमार्गे वसई, आणि वसईला ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह. तो पेशव्यांचा प्रवास इतिहासात आला. १९४७ साली फाळणी झाली तेव्हा कोकणातली काही मुसलमान कुटुंबे कराचीस गेली, आणि कराचीत पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे इकडे आली. त्यांचा प्रवास मात्र बहुधा घरच्याघरीच सांगितला जातो.

पण आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्यांना कोणी पळवले नाही, कोणी हाकलले नाही. तरी ते गेले. म्हणूनच मला त्यांचे नवल वाटते. आपल्याच जिल्ह्यातले, आपल्याच भाषेचे, वालाचे बिरडे आपल्यासारखेच करणारे हे लोक म्हणजे बेने इस्रायल. जुनी माणसे त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

महाड-पोलादपूरकडच्या बायकांना त्यांची माहिती कमी असेल. माझे माहेर अलिबागेकडचे. त्या बाजूला अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल, रोहा, मुरूड अशा गावांतून त्यांची वस्ती. अलिबागेत अजून इस्रायल आळी आहे. त्यांची परंपरा अशी सांगते, की फार फार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले, आणि सात पुरुष व सात बाया तेवढ्या वाचल्या. पोथ्या बुडाल्या, भाषा हळूहळू विसरली. राहिली ती ‘शेमा’ ही एक प्रार्थना, मुलाची आठव्या दिवशीची सुंता, आणि शनिवार. शनिवारी घाणा जुंपायचा नाही. धंदा तेल गाळण्याचा, म्हणून गावाने नाव ठेवले शनवार तेली. आडनावे गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर, चेऊलकर, राजपूरकर, नवगावकर. हिंदी बोलपटांतले डेव्हिड तुम्ही पाहिले असतील, ‘बूट पॉलिश’मधले प्रेमळ जॉनचाचा. ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे आपल्या चौलचे.

त्यांच्या सणांची नावे ऐकलीत तर हसू येईल, इतकी ती आपली आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. हा बिरड्याचा सण म्हणजे खरे तर त्यांच्या देवळाच्या नाशाचा शोकदिवस. पण घरात त्या दिवशी वाल मोडवून बिरडे करायचे, म्हणून आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी नाव दिले ते असे. लग्नात मेंदी, गळ्यात मंगळसूत्र. मटणात दूध-तूप चालायचे नाही, म्हणून सगळीकडे नारळाचा रस. आणि कीर्तन! मोशे आणि योसेफ यांच्या कथांची मराठी कीर्तने, साकी-दिंडीसकट, हे लोक गेल्या शतकाच्याही आधीपासून करीत आले.

आता प्रश्न असा, की असे रुजलेले झाड उपटले का गेले?

आमच्या माहेरच्या घराशेजारी त्यांच्यातल्या एक आजी राहत. आम्ही मुले त्यांना मावशीआजी म्हणत असू. दोन्ही मुलगे साठ सालाच्या आगेमागे इस्रायलला गेलेले. मावशीआजींना डोळ्यांनी नीट दिसत नसे, आणि वाचायला येई ते थोडेच. मी चौथीत असल्यापासून सातवीपर्यंत त्यांच्या मुलांची पत्रे मी वाचून दाखवली. पत्र मराठीतच असे. अक्षर मोडीच्या वळणाचे, घाईचे. शेवटी नातवंडांची एकेक ओळ असे, पण ती हिब्रूत, उजवीकडून डावीकडे लिहिलेली. ती मला वाचता येत नसे आणि मावशीआजींनाही नाही. मी ओळीवर बोट ठेवायची आणि त्या त्यावरून हात फिरवायच्या. एवढे झाले की पत्र पुरे.

मी एकदा त्यांना विचारले होते, तुम्हांला इथे कोणी त्रास दिला का? त्या चिडल्याच. म्हणाल्या, “त्रास कोण देणार ग? तुझ्या आजेसासऱ्यांच्या अंत्ययात्रेला आमचे लोक आणि आमच्या मय्यताला तुमचे. त्रासाने कोणी गेले नाही.” आणि हे खरेच आहे. जगात ज्यूंचे हाल कुठे झाले नाहीत असा देश विरळा. हिंदुस्थानात ते झाले नाहीत, हे त्यांचे लोक आजही जाहीरपणे सांगतात. आपल्या भूमीविषयी बाहेरच्याने सांगितलेली ही गोष्ट मला मोठी अभिमानाची वाटते.

मग गेले का? दोन राज्ये एकाच वेळी बदलली म्हणून. १९४७ च्या ऑगस्टात इंग्रज इथून गेला आणि १९४८ च्या मे महिन्यात तिकडे इस्रायल देश झाला. इंग्रजाच्या वेळी या समाजाने तेलाचा घाणा बऱ्याच अंशी सोडला होता. पलटणीत, रेल्वेत, टपालात, दवाखान्यांत, कचेऱ्यांत त्यांची माणसे होती. सॅम्युएल दिवेकर नावाचे त्यांचे सरदार टिपूच्या लढाईत कैद झाले होते. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. म्हणजे सरकारी चाकरीची सवय किती जुनी ते पाहा. इंग्रज गेल्यावर मुलांना नोकऱ्या मिळतील का, आपण मूठभर माणसे, आपली दाद कोण घेईल, ही धास्ती घराघरांत शिरली. कोणी काही केले नव्हते. पण धास्तीला कारण लागतेच असे नाही, हे आपण बायका जाणतो. आणि त्याच वेळी दुसरीकडून हाक आली. दर प्रार्थनेत ज्या यरुशलेमचे नाव घ्यायचे तिथे आता आपले राज्य आहे, या. १९५० साली इस्रायलने कायदाच केला, की कोणीही ज्यू येईल त्याला नागरिक करून घेऊ. त्याच वर्षी सप्टेंबरात भारत सरकारने त्या देशाला मान्यता दिली. ज्यू एजन्सीची माणसे मुंबईत होती, ती प्रवासाची सोय करीत. एकाचा भाऊ गेला, मग बहीण गेली, मग त्यांच्या लग्नाच्या मुली गेल्या. मुली गेल्या की मुलग्यांना इथे बायको मिळेना. शेवटी शेवटी तर हेच मोठे कारण झाले, असे मावशीआजी म्हणत. पुस्तकांत हे कारण मोठ्या अक्षरांत लिहिलेले नसते.

एक गोष्ट बोलून टाकते, नाहीतर मनात राहील. ज्या १९४८ साली यांना देश मिळाला, त्याच साली तिथल्या सुमारे सात लाख अरब माणसांची घरे सुटली. त्यांतल्या कित्येक बायांनी घराच्या किल्ल्या जपून ठेवल्या, असे वाचले. एकाच्या घरी जाण्यात दुसऱ्याचे घर जाते तेव्हा काय म्हणावे ते मला कळत नाही. मोठमोठ्यांनाही ते अजून सुटलेले दिसत नाही.

बरे, तिकडे गेल्यावर काय झाले? इथून जाताना त्यांनी दुधामधाचा देश डोळ्यांपुढे ठेवला होता. मिळाले ते वाळवंट. बैरशेबा, दिमोना, येरुहाम ही गावे नकाशात पाहा. हिरवे काही दिसणार नाही. सुरुवातीला तंबू आणि पत्र्याच्या खोल्या. अन्नधान्याचे रेशन. चार अक्षरे शिकून कचेरीत बसणारा माणूस रस्ता खणायला लागला. हे सगळे सोसले असते, कारण बाकीचेही तेच सोसत होते. पण बैरशेब्याला आपल्या लोकांची तक्रार निराळी होती. त्यांना रंगावरून हिणवले जाते, काळ्यांना काळी भाकर पुरे असे म्हटले जाते, अशी ती तक्रार. १९५१ च्या अखेरीला त्यांतले बरेच जण बायकामुलांसह तेल अवीवला ज्यू एजन्सीच्या कचेरीपुढे जाऊन बसले. आम्हांला परत पाठवा म्हणाले. बसून राहणे हे हत्यार त्यांनी कुठून शिकले असेल ते मी सांगायला नको. १९५२ साली त्यांना विमानाने मुंबईस परत आणून सोडले.

आणि गंमत ऐका. त्यांतल्या पुष्कळांना इथे करमेना, आणि ते पुन्हा तिकडे गेले! यावर माणसे हसतात. मला हसू येत नाही. आपल्या पोलादपुरातले किती तरी लोक मुंबईच्या गिरणीत होते. संप होऊन गिरण्या बंद पडल्या, गावी आले, आणि दोन पावसाळे काढून पुन्हा मुंबईस गेले. सुटलेली जागा तशीच्या तशी थांबून राहत नाही. तिच्यात दुसरे कोणी बसते, किंवा आपणच त्या जागेच्या मापाचे राहत नाही.

यापेक्षा मोठा घाव पुढे १९६२ साली बसला. तिथले लग्न धर्मगुरूंच्या हाती असते. मुख्य धर्मगुरूंच्या कचेरीने हुकूम काढला, की बेने इस्रायल माणूस दुसऱ्या ज्यूशी लग्न करू म्हणेल तर त्याची आई, आजी, पणजी अशी जितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी होईल तितकी करावी. का, तर इतकी शतके धर्मगुरूंपासून दूर राहिलेल्या या लोकांचे काडीमोड आणि दुसरी लग्ने शास्त्राप्रमाणे झाली असतील की नाही याची शंका. भगिनींनो, तुम्हांला पणजीचे माहेरचे नाव सांगता येईल का? मला येत नाही. आणि चौकशी बघा कोणाच्या नावाची, बायकांच्याच. देशासाठी गाव सोडले, रस्ते खणले, मुले पलटणीत गेली, आणि शेवटी विचारले काय, तर तुम्ही खरे ज्यू आहात का?

हे वाचले त्या दिवशी मला आपले चवदार तळे आठवले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते तहान लागली होती म्हणून नव्हे. तिथेही प्रश्न हाच होता, की तुम्ही आमच्यातले का? मग या लोकांनीही तेच केले. १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेमला त्यांचे शेकडो लोक उपोषणाला, धरण्याला बसले. गावोगावांहून आले. ऑगस्टात त्यांच्या लोकसभेची खास बैठक भरली आणि ठराव झाला, की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत, त्यांचे हक्क इतरांसारखेच. महिना संपायच्या आत धर्मगुरूंच्या कचेरीलाही हुकुमातले त्यांचे नाव काढावे लागले.

पण न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या कोकणात असताना या समाजातच गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन भाग होते. बाहेरच्या बाईपासून झालेल्यांची संतती ती काळी. त्यांच्याशी सोयरीक नाही, प्रार्थनामंदिरात त्यांना मागची जागा. मावशीआजी गोऱ्यांतल्या. या गोष्टीवर त्या कधी फारसे बोलत नसत. विचारले की तांदूळ निवडायला घेत. दिमोन्याला गेल्यावर हा भेद उरला नाही, कारण तिथे सगळेच काळे ठरले, एवढे मात्र त्या एकदा म्हणाल्या होत्या.

सगळेच काही गेले नाहीत, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. मुंबईचे एके काळचे महापौर डॉ. ई. मोझेस यांचे नाव महालक्ष्मीकडच्या रस्त्याला आहे, ते याच समाजातले, मूळचे राजपूरकर. आणि आपल्या मंडळाने ज्यांची तसबीर लावावी अशा बाई म्हणजे डॉ. जेरुशा झिराड. झिराड हे गाव अलिबाग तालुक्यातले. लंडनला जाऊन बाळंतपणाचे शास्त्र शिकून आल्या आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. किती गरीब बायकांची सुटका त्यांच्या हातून झाली असेल! १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी आपले काम इथेच केले.

तरीही आकडे बोलतात. १९५१ च्या खानेसुमारीत सबंध भारतात सुमारे साडेसव्वीस हजार ज्यू होते, त्यांत बेने इस्रायल सर्वांत जास्त. २०११ च्या खानेसुमारीत सगळे मिळून पाच हजारांच्या आत. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, तेव्हा मोजायला माणसे थोडीच राहिली होती. अलिबाग, रेवदंडा, पनवेल इथली प्रार्थनामंदिरे उभी आहेत. पण त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि गावांतून ते दहा जमवणे म्हणजे आपल्याकडे भातलावणीला माणसे मिळवण्यासारखे झाले आहे.

१९९२ च्या जानेवारीत दोन्ही देशांचे वकिलातीचे संबंध पुरते जुळले आणि येणेजाणे सोपे झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, नातीचे लग्न म्हणून, मावशीआजी दिमोन्याला जाऊन आल्या. बरोबर काय नेले ते मला पाठ आहे, कारण ती पुडकी आम्हीच बांधली: कडवे वाल, आमसुले, पोहे, तांदळाचे पीठ आणि मेंदी. तीन महिन्यांनी परत आल्या तेव्हा आळीतल्या सगळ्या बाया ओट्यावर जमल्या. त्यांनी सांगितले, संध्याकाळी इमारतीच्या पायऱ्यांवर आपल्या बाया बसतात, भाजी निवडतात आणि मराठीतून सुनांच्या कागाळ्या सांगतात. डोळे मिटले तर अलिबागच. मसाल्याचे दुकान आहे. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघते. मेंदीच्या रात्री नवरीला हिरवी साडी आणि बांगड्या होत्या. सुनेच्या घरी गार हवेचे यंत्र होते, दोन्ही मुलगे पोटापुरते मिळवून सुखी होते. “मग राहिलात का नाही?” माझ्या आईने विचारले. त्या म्हणाल्या, “पणतू मांडीवर बसतो आणि गोष्ट सांग म्हणतो. कोणत्या भाषेत सांगू?” पुढच्या पावसाळ्याआधी कौले चाळायला माणूस सांगितला पाहिजे, म्हणाल्या, आणि उठल्या. त्या तिथेच, आपल्या घरी वारल्या. मुलगे वेळेवर पोचू शकले नाहीत. मय्यताला खांदा द्यायला त्यांच्यातली चारच माणसे होती. बाकी सगळी आळी होती.

आपल्याकडे घर सुटणे म्हणजे काय, हे २००५ च्या पावसाने दासगाव, जुईला दाखवले आणि २०२१ च्या जुलैत तळियेला, साखर सुतारवाडीला, केवनाळ्याला दाखवले. तिथे निवडायला काही उरलेच नव्हते. मावशीआजींच्या मुलांनी निवड केली, आणि मावशीआजींनीही केली. दोघांपैकी कोण बरोबर, असे मला चिटणीसबाईंनी आधी विचारले होते. मी पुष्कळ विचार केला. मुलगे गेले नसते तर त्यांच्या पोरांना इथे काय मिळाले असते ते मी पाहते आहे. आमच्या आळीतल्या पोरांना जे मिळाले तेच, म्हणजे मुंबईची लोकल. आणि आजी गेल्या असत्या तर त्यांच्या तोंडाला कुलूप लागले असते. घरातल्या एकाचे सुख दुसऱ्याला पुरत नाही, यापुढे माझे उत्तर जात नाही. आपल्या महाडातल्या कितीक मुली आज आखातात नवऱ्यापाशी आहेत, त्यांच्या आया इथे समोर बसल्या आहेत. त्यांनी माझ्यापेक्षा चांगले उत्तर द्यावे. माझ्यानंतर बोलायला त्यांना वेळ ठेवला आहे.

अध्यक्षीणबाईंनी घड्याळ दाखवले. आता एकच सांगायचे. अलिबागेजवळ सागावच्या बाजूला खंडाळ्याला एक खडक आहे. त्यावर एलिया हन्नाबी या त्यांच्या संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा आहेत असे ते मानतात. प्रवासाला निघताना, प्रवासाहून आल्यावर, नवस फेडताना तिथे मलिदा करतात. इस्रायलहून येणारेही आधी तिथे जातात. मलिदा करायला सोपा आहे: पातळ पोहे धुऊन निथळायचे, त्यात ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलची, बदाम-बेदाणे घालायचे आणि वर पाच फळांच्या फोडी ठेवायच्या. मावशीआजी गूळ घालीत. आजच्या अल्पोपाहाराला मी गुळाचाच केला आहे. बाहेरच्या मेजावर, डाव्या हाताच्या परातीत आहे. पोहे भिजून गेले तर चव जाते, म्हणून लवकर घ्यावा.